बाहुली, बालक आणि प्रमाद

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम मागे पडले, की सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्थानक लागते. ज्या पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळावरून या गावाला नाव मिळाले त्याच्या सभोवार कावेरीच्या गाळाची भातखाचरे पसरलेली आहेत. लगतचे स्वामिमलै हे पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचे गाव. मागे तंजावर, जेथे मान डोलावणाऱ्या बाहुल्या घडतात. आणि पुढे कुंभकोणम, जेथील बाजारात नवरात्राच्या आधी कोलूच्या, म्हणजे घरोघरी पायऱ्यांवर मांडावयाच्या, मातीच्या बाहुल्या हारीने मांडलेल्या दिसतात. देवाची मूर्ती, पूजेतील बाहुली आणि मुलाच्या हातातील खेळणे या तीन वस्तू ज्या टापूत इतक्या शेजारीशेजारी जन्मास येतात, त्या टापूच्या निमित्ताने मी एका वरकरणी अत्यंत रुक्ष विषयाचा, म्हणजे खेळण्यांच्या सुरक्षिततेसंबंधी देशोदेशींनी केलेल्या कायद्यांचा, विचार करू इच्छितो. कारण त्या कायद्यांच्या कलमांखाली जो प्रश्न दडलेला आहे तो व्यापाराचा नसून धर्मशास्त्राचा आहे. ज्या बालकाला आपण कधी पाहणार नाही, ज्याची भाषा आपल्याला ठाऊक नाही, त्याला आपल्या हातून घडलेल्या वस्तूपासून अपाय झाला, तर त्याचे पाप कोणाच्या माथी?

हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली, ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा मराठी वृत्तांत आजही तेथे आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. तंजावरच्या डोलत्या बाहुल्यांची परंपराही सरफोजींच्या अमदानीशी जोडली जाते. तेथील मराठी घराण्यांनी तमिळ शेजाऱ्यांची कोलूची प्रथा उचलली, आणि नवरात्रात घटाबरोबर बाहुल्यांच्या पायऱ्याही त्यांच्या घरांतून दिसू लागल्या.

हा कोलू तत्त्वचिंतकाने एकदा नीट न्याहाळावा अशा योग्यतेचा आहे. विषम संख्येच्या पायऱ्यांवर वरती देवदेवता, त्यांच्या खाली संतमहंत, त्यांच्या खाली राजेरजवाडे आणि प्रापंचिक माणसे, आणि तळाशी आपल्या धान्याच्या दुकानासह बसलेला वाणी व त्याची बायको. शिवाय मरपाच्ची नावाचे, बहुधा रक्तचंदनाचे, लाकडी जोडपे, जे नववधूला माहेरून मिळावयाचे आणि ज्याला नवे लुगडे-धोतर नेसविण्यात घरच्या मुलींचे दिवस जावयाचे. नऊ दिवस या साऱ्या मेळ्याला नैवेद्य होतो, आरती होते. आणि दसऱ्याच्या रात्री एखाद्या बाहुलीला आडवी निजवून तो संपविला जातो, मग सर्व मंडळी कापडात गुंडाळून वर्षभर पेटीत. आता या बाहुल्या देव म्हणाव्यात की खेळणी? गाभाऱ्यातील मूर्तीप्रमाणे त्यांची प्राणप्रतिष्ठा होत नाही, म्हणून त्या देव नव्हेत म्हणावे, तर हळदकुंकू वाहणाऱ्या सुवासिनीला ते मान्य होणार नाही. खेळणी नव्हेत म्हणावे, तर खालच्या पायरीवरचा वाणी उचलून पळणाऱ्या नातवाला ते मान्य होणार नाही. आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मातीची चित्रे मांडतात, त्यांतही सिंहासनावरचे शिवाजीमहाराज आणि तटावरचा मावळा यांची हीच गत असते. महाराजांना हात लावताना मूल किंचित अदबीने लावते, एवढाच काय तो भेद.

जे कोडे घरातल्या कोणालाही कधी सोडवावेसे वाटले नाही, ते सरकारला मात्र सोडवावे लागले. कारण कर लावावयाचा, परवाना द्यावयाचा किंवा माल अडवून ठेवावयाचा, तर वस्तूची जात आधी ठरली पाहिजे. भारत सरकारच्या २०२० च्या खेळणीविषयक गुणवत्ता नियंत्रण आदेशाने, जो १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला, चौदा वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून रचलेली किंवा उघडउघड त्या उद्देशाची अशी कोणतीही वस्तू म्हणजे खेळणे अशी व्याख्या केली, आणि अशा वस्तूवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का अनिवार्य केला. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशाची व्याख्याही अशीच हेतूवर उभी आहे. अमेरिकेच्या कायद्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची वस्तू ती बालवस्तू. म्हणजे अटलांटिक ओलांडताना बालपण थोडे आखूड होते! परंतु वयाचा हा आकडा गौण आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की वस्तूचे स्वरूप तिच्या द्रव्यात नाही, आकारात नाही, तर करणाऱ्याच्या मनातील हेतूत आहे, असे या सर्व कायद्यांनी गृहीत धरले आहे.

तथापि तपासणीच्या खोलीत शिरताच तोच कायदा हेतू विसरतो आणि बालकाच्या देहाकडे वळतो. तेथे एक धातूचे नळकांडे असते, ३१.७ मिलिमीटर व्यासाचे, तिरप्या तळाचे, कमीत कमी २५.४ आणि अधिकात अधिक ५७.१ मिलिमीटर खोल. तीन वर्षांखालील मुलाच्या घशाच्या जागी कायद्याने ते कल्पिले आहे, आणि अशा मुलासाठीच्या खेळण्याचा जो भाग न दाबता त्यात पुरता मावतो, तो नापास होतो. दुसरीकडे खेळण्यावरचा रंग खरवडून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सौम्य द्रवात, सदतीस अंश उष्णतेवर, एक तास हलवीत आणि एक तास स्थिर ठेवतात, आणि मग त्या द्रवात शिसे, आर्सेनिक, पारा, कॅडमियम किती उतरले ते मोजतात. ते आम्ल म्हणजे बालकाचे जठर. कृष्णाने माती खाल्ली म्हणून यशोदेने त्याला तोंड उघडावयास लावले, तेव्हा तिला आत ब्रह्मांड दिसले असे भागवतात आहे. आजच्या रसायनवेत्त्याला तेथे किलोमागे किती मिलिग्रॅम शिसे ते दिसते. मला या दोन दृष्टींत विरोध वाटत नाही. दोन्हींचा आरंभ एकाच अनुभवात आहे: मूल जे हाती येईल ते तोंडात घालते, आणि आईला तोंड उघडून पाहावे लागते.

गौतम धर्मसूत्राने उपनयनापूर्वीच्या बालकाला हवे तसे वागण्याची, बोलण्याची आणि खाण्याची मोकळीक दिली आहे. आपल्याकडे या वचनाचा उपयोग बहुधा मुलांच्या खोड्यांवर पांघरूण घालण्यास होतो. परंतु त्यातून जो दुसरा सिद्धांत अपरिहार्यपणे निघतो त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्याला विधिनिषेध नाहीत असा एक जीव घरात वावरतो आहे, तर त्याच्या वाट्याचे सर्व विधिनिषेध त्याच्या सभोवतालच्या माणसांवर येऊन पडतात. भक्ष्याभक्ष्यविवेक त्याने करावयाचा नाही, म्हणूनच तो इतरांनी दुप्पट करावयाचा. युरोपीय निर्देशातील सुरक्षिततेच्या मूळ कलमात हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत आले आहे: खेळणे केवळ सांगितलेल्या रीतीने वापरले तर निर्धोक असून भागत नाही, मुलांची वागणूक ध्यानी घेता जो वापर आधी ओळखता येण्याजोगा आहे, त्यातही ते निर्धोक असले पाहिजे.

येथवर सर्व देशांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो मोजमापात, आणि तो मतभेद नुसत्या आकड्यांचा नाही. २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकन कंपनीला चीनमध्ये तयार झालेली लक्षावधी खेळणी त्यांच्या रंगात शिसे सापडल्यामुळे परत मागवावी लागली. त्या हलकल्लोळातून २००८ चा अमेरिकन कायदा झाला, आणि रंगातील एकूण शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ६०० वरून ९० वर आली. आपल्या भारतीय मानकातही शिशापुढे ९० हाच आकडा आहे. परंतु तो रंगात एकंदर किती शिसे आहे याचा नसून, त्या कृत्रिम जठरात किती शिसे सुटते याचा आहे. युरोपातही सुटणारे शिसेच मोजतात. तेथे खरवडलेल्या रंगासाठी किलोमागे १६० मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती २०१८ पासून २३ वर आणली गेली. एक कायदा विचारतो, वस्तूत काय आहे. दुसरा विचारतो, वस्तू काय करते. वैशेषिकांच्या शाळेत वाढलेल्या माणसाला द्रव्य आणि कर्म या दोन पदार्थांचा जुना भेद येथे बंदरावरच्या जकातघरात बसलेला पाहून गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. तंजावरची एकच बाहुली एका गोदीत शुद्ध आणि दुसऱ्या गोदीत अशुद्ध ठरू शकते. आणि यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की सुरक्षितता म्हणजे केवळ लोकांचा संकेत, तिच्यात सत्य असे काही नाही. हा निष्कर्ष उतावळेपणाचा आहे. देशाचार भिन्न असतात हे आपल्या धर्मशास्त्रकारांना मान्यच होते. त्यावरून धर्मच नाही असे त्यांनी म्हटले नाही. शिशाचा असा कोणताही निर्धोक अंश ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ९० काय आणि २३ काय, ही सत्याकडे जाणाऱ्या वाटेवर निरनिराळ्या राज्यांनी आपापल्या शक्तीनुसार रोवलेली निशाणे आहेत.

खरी अडचण पुढे आहे. वस्तूचे स्वरूप हेतूने ठरते असे एकदा मानले, की हेतू बदलून स्वरूप बदलण्याची वाट उघडी होते. युरोपीय निर्देशाच्या पहिल्या परिशिष्टात जी वस्तूंची यादी ‘खेळणी नव्हेत’ म्हणून दिली आहे, तिच्यात लोककलेतील आणि शोभेच्या बाहुल्या आहेत; अट इतकीच, की ही वस्तू चौदा वर्षे व त्यावरील संग्राहकांसाठी आहे असे तिच्यावर किंवा वेष्टनावर दिसेलसे लिहिलेले असावे. चार शब्दांची चिठ्ठी डकवताच बाहुलीचा जन्म पालटतो. आपल्या सरकारने तर चिठ्ठीचीही गरज ठेवली नाही: डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी केलेली आणि विकलेली खेळणी, तसेच भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या वस्तूंचे नोंदणीकृत धनी व अधिकृत वापरदार यांची खेळणी, या हुकुमातून वगळली. तंजावरच्या बाहुलीला हा निर्देशांक २००८-०९ मध्येच मिळालेला आहे. म्हणजे सनदशीर कारागिराच्या घरची डोलती बाहुली आयएसआय शिक्क्याशिवाय विकण्यास पूर्ण मुभा आहे.

हेतू की कृती, हा वाद या कावेरीकाठी नवा नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी, राजराज चोळाच्या काळी, जवळच्या नागपट्टणला श्रीविजयच्या राजाने चूडामणी विहार उभारला होता. आणि त्या विहारातील भिक्षूंना मज्झिमनिकायातील उपालीसुत्त कदाचित परिचित असेल. त्या सुत्तात निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, पक्ष असा, की काया, वाचा आणि मन या तीन दंडांपैकी कायेने घडणारे कर्म सर्वांत दोषास्पद. बुद्धाचा पक्ष असा, की मनाचे कर्म सर्वांत भारी. बौद्धांचा हा पक्ष पुढे बहुतेक सर्व सुशिक्षितांना पटला, आणि आज आपण बोलताना सहज ‘त्याच्या मनात तसे नव्हते’ म्हणून माणसाला मोकळे करतो. खेळण्याच्या बाबतीत मात्र मला हा पक्ष अपुरा वाटतो. बाहुली रंगविणाऱ्या कोणाच्याही मनात बालकाला विष घालावे असे नसते. म्हणून विष कमी होत नाही. उलट निर्ग्रंथांचे मत शब्दशः घेतले, तर ज्याच्या हातून घडले तो दोषी, मग त्याला ते टाळता येण्याजोगे होते की नव्हते हा विचारच उरत नाही, आणि हा निष्ठुरपणा होईल. या दोहोंमधली वाट जैनांच्याच घरात सापडते: उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे लक्षण करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा तिचा गाभा मानला. मारण्याची इच्छा नव्हती हे उत्तर तेथे चालत नाही, आणि नुसते घडले एवढ्यावरही दोष चिकटत नाही. जपावयास हवे होते तेथे जपले का, एवढेच विचारले जाते. वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगावयाच्या सावधगिरीला जैनांनी ‘समिती’ नावाच्या आचारनियमांमध्ये स्थान दिले, यात जे सूक्ष्म शहाणपण आहे ते नळकांडी आणि आम्ल घेऊन बसलेल्या आजच्या तपासनिसाला परके वाटणार नाही.

या कसोटीवर चौदा वर्षांची चिठ्ठी टिकत नाही. संग्राहकाच्या कपाटात जी राहील, तिला ती ठीक. परंतु तळाला वजन असलेली, धक्का दिला की आडवी होऊन पुन्हा उभी राहणारी राजाराणीची जोडी रांगत्या मुलाच्या नजरेस पडल्यावर ते वेष्टन वाचीत बसणार नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. जे ठाऊक आहे ते ठाऊक नसल्यासारखे लिहिणे हाच प्रमाद. त्यावर सरकारी मोहोर असली तरी त्याची जात बदलत नाही.

कारागिराला दिलेल्या माफीचा प्रश्न याहून नाजूक आहे. तिच्या पाठीमागे करुणा आहे आणि ती रास्त आहे. घरच्या ओसरीवर कागदाचा लगदा, माती आणि खळ घेऊन बसलेल्या कुटुंबाला कारखान्याच्या शिरस्त्याने प्रयोगशाळा राखावयास सांगणे म्हणजे त्याचा धंदा बसविणे होय. शिवाय खेळण्यांविषयीच्या भीतीचे मूळ कारण हा कारागीर नव्हताच. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या २०१९ च्या पाहणीत जी सुमारे ६७ टक्के खेळणी नापास झाली, ती परदेशातून आयात झालेली होती. परंतु या करुणेच्या आडून एक गोड गैरसमज आपल्यात शिरला आहे, की जे हाताने केलेले, जुने आणि देशी, ते स्वभावतःच निर्विष. आपल्या चिताऱ्यांची जुनी रंगपेटी उघडून पाहावी. शेंदूर हा शिशाचा, हिंगूळ हा पाऱ्याचा, हरताळ हा आर्सेनिकचा. ज्या द्रव्यांची नावे आज ब्रुसेल्सपासून दिल्लीपर्यंतच्या निषिद्ध यादीत आहेत, ती पूर्वीपासून आमच्या देवादिकांच्या अंगावर आहेत. मारुतीच्या अंगावरचा शेंदराचा थर, किंवा स्वामिमलैच्या पंचधातूत तांब्यापितळेबरोबर मिसळलेले थोडेसे शिसे, यांचे मला भय वाटत नाही. कारण देवाला कोणी तोंडात घालीत नाही, आणि देवही कोणाच्या पाळण्यात जाऊन पडत नाही. तेच द्रव्य मूर्तीत पूज्य आणि खेळण्यात त्याज्य होते, ते त्याच्या अंगच्या गुणाने नव्हे, तर ते कोणाच्या सहवासात येते यावरून. कोलूची बाहुली मात्र या दोन जगांच्या उंबरठ्यावर उभी आहे: नऊ दिवस देवांच्या पंक्तीत, आणि दहाव्या दिवशी, पेटीत जाण्यापूर्वी, कोणाच्या हाती लागेल याचा नेम नाही.

या बाबतीत अमेरिकेने २०११ मध्ये केलेली तजवीज मला आपल्या माफीपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. २००८ चा कायदा होताच तेथील घरगुती कारागिरांनीही हाकाटी केली होती. तेव्हा ज्यांची वार्षिक विक्री दहा लक्ष डॉलरांच्या आत आहे त्यांना, एका नमुन्याचे साडेसात हजारांहून अधिक नग केलेले नसल्यास, बाहेरच्या प्रयोगशाळेकडून कराव्या लागणाऱ्या कित्येक तपासण्या माफ करण्यात आल्या. परंतु रंगातील शिसे आणि गिळता येण्याजोगे लहान भाग या दोन तपासण्या माफ केल्या नाहीत, आणि मर्यादा पाळण्याचे बंधन तर कशातूनच उठविले नाही. आपण मात्र कागदाबरोबर कर्तव्यही माफ केल्यासारखे झाले आहे. आपला माल परदेशात पाठवावयाचा तर तेथील कायदा लागू होतोच. म्हणजे तंजावरची बाहुली परदेशी नातवाला तपासून मिळते आणि कुंभकोणमच्या नातवाला न तपासता, ही स्थिती कोणत्याही स्मृतीच्या आधाराने समर्थनीय ठरणार नाही.

उपाय खर्चिक नाही. शंभर घरे बाहुल्या रंगवीत असली तरी रंग विकणारी दुकाने मोजकीच असतात. प्रत्येक बाहुली तपासण्याऐवजी रंगाचा प्रत्येक नवा साठा सरकारी खर्चाने तपासावा, आणि त्याचा दाखला गल्लीतील सर्वांना पुरावा, इतके हस्तकला खात्याने मनावर घेतले तर बरेच काम होईल. २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० ची मर्यादा घातलीच आहे. औद्योगिक रंगाला मात्र ती लागू नाही, आणि स्वस्त, चकचकीत, लवकर वाळणारा म्हणून तोच हाताशी येण्याचा संभव असतो. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाची फळे रंगविणाऱ्यांनाही ही सूचना तितकीच लागू आहे.

नवरात्राच्या तोंडावर जे कोणी कुंभकोणमच्या बाजारात उभे राहतील, त्यांना माझी विनंती आहे: किमतीची घासाघीस करण्याआधी रंग कोणता ते विचारावे, डब्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते पाहण्याचा आग्रह धरावा, असा रंग वापरणाऱ्याला चार रुपये अधिक द्यावेत, आणि घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर राजाराणीला त्याच्या हाती न देता वरच्या पायरीवर बसवावे.